हॉटेलचं बिल ओळीओळीने: बाहेर जेवताना पैसे नेमके कुठे जातात

बाहेर जेवायला गेल्यावर आपण मेनू कार्ड दोन-तीनदा वाचतो. बिल मात्र एकदाही नीट वाचत नाही. तळचा आकडा बघायचा, मोबाइलवर कोड स्कॅन करायचा आणि बडीशेप तोंडात टाकून निघायचं. मुलं पेंगुळलेली असतात, बाहेर टेबलासाठी रांग असते, वेटर शेजारी उभा असतो. अशा वेळी ओळीओळीवर बोट ठेवून वाचणं कसंसंच वाटतं. पण बाहेरच्या जेवणात वाचवण्यासारखा बराचसा पैसा ताटातल्या अन्नात नसतो, ताटाच्या आजूबाजूला असतो. तो बिलाच्या काही ठरावीक ओळींत सापडतो. त्या ओळी ओळखता आल्या की आवडीचं जेवण जेवूनही खर्च आवरता येतो. एकच भाजी मागवून चौघांनी पोळी कोरडी खावी, असला सल्ला मी इथे देणार नाही.

हिशेबासाठी एक बिल डोळ्यांसमोर आणू. आकडे मी धरलेले आहेत, पण पुण्या-नाशिकच्या साध्या फॅमिली रेस्टॉरंटात रविवारी संध्याकाळी चौघांचं बिल साधारण याच घडणीचं असतं. दोन मनचाव सूप ३२०, एक पनीर टिक्का ३२०, पनीरची भाजी ३१०, व्हेज कोल्हापुरी २८०, दाल तडका २२०, जिरा राईस २१०, दहा बटर रोट्या ४००, दोन मसाला पापड १२०, पाण्याच्या तीन बाटल्या १२०, चार फ्रेश लाइम सोडा ४४०. बेरीज २,७४०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे २७४. मग ३,०१४ वर पाच टक्के जीएसटी, १५० रुपये ७० पैसे. एकूण ३,१६५ रुपये.

आता यातून पाण्याच्या बाटल्या, सोडे आणि सर्व्हिस चार्ज एवढ्या तीनच ओळी काढा. उरतात २,१८० रुपये, कर १०९, एकूण २,२८९. फरक ८७६ रुपयांचा, म्हणजे बिलाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. ताटातला एकही घास कमी झालेला नाही. मुलांना सोडा हवाच असेल तर जरूर घ्या, तो तुमच्या आवडीचा भाग आहे. पण उरलेल्या दोन ओळी बहुतेकांनी आवडीने घेतलेल्याच नसतात.

"साधं पाणी की बाटली?"

टेबलावर बसताक्षणी हा प्रश्न येतो. कधी प्रश्नही येत नाही, सील तोडलेली बाटलीच ग्लासाशेजारी येऊन उभी राहते. स्टेशनवर लिटरभर रेल नीर १४ रुपयांना मिळते, तेवढ्याच पाण्याचे इथे ४० किंवा ६० कसे, असा राग येणं साहजिक आहे. पण रागाच्या भरात एमआरपीवरून भांडायला जाऊ नका. १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की हॉटेल-रेस्टॉरंटांनी बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकलं तर वजन-मापाचे कायदे आड येत नाहीत. तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा आणि वाढण्याची सेवाही तिच्यासोबत असते, असा त्यामागचा विचार आहे. दुकानातली, टपरीवरची किंवा फलाटावरच्या स्टॉलवरची सुटी बाटली वेगळी. तिथे छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका.

मग उपाय काय? आधी बोलणं. बाटली उघडण्यापूर्वी "दादा, साधं पाणी द्या" एवढं म्हणणं पुरतं. ज्या स्वयंपाकघरात वरण शिजतं, कणीक मळली जाते, तिथे पिण्यायोग्य पाणी असणं अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंधनकारकच आहे. बहुतेक ठिकाणी फिल्टर लावलेला असतो. तरीही पोटाची शंका असेल, सोबत लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर बाटली जरूर घ्या किंवा घरचं पाणी बरोबर ठेवा. तब्येतीशी खेळून चाळीस रुपये वाचवणं मला पटत नाही.

सर्व्हिस चार्ज: द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं

या ओळीबद्दल लोकांच्या मनात सर्वात जास्त गोंधळ आहे, म्हणून इथे जरा थांबू. कराशेजारी, त्याच ठशात छापलेला असल्यामुळे सर्व्हिस चार्ज अनेकांना सरकारी कर वाटतो. तो कर नाही. त्यातला एक पैसाही सरकारजमा होत नाही. तो हॉटेल घेतं. वेटरपर्यंत त्यातलं किती पोचतं, हे त्या-त्या मालकावर असतं.

४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही. दुसरं नाव देऊनही घ्यायचा नाही. म्हणजे 'स्टाफ वेल्फेअर' किंवा 'स्टाफ कॉन्ट्रिब्युशन' असं लिहिलं तरी तो तोच. देणं ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, तो देणार नसेल म्हणून त्याला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि ती रक्कम जेवणाच्या बिलात मिसळून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया आणि हॉटेलवाल्यांचा महासंघ याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २० जुलै २०२२ रोजी या सूचनांना स्थगिती मिळाली. ती जवळपास पावणेतीन वर्षं टिकली. "सर्व्हिस चार्जचं काहीतरी कोर्टात आहे ना?" असं आजही लोक विचारतात ते यामुळेच. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने दोन्ही याचिका फेटाळल्या, सूचना वैध ठरवल्या आणि सक्तीने सर्व्हिस चार्ज घेणं ग्राहकहिताविरुद्ध असल्याचं सांगितलं. संघटनांनी त्यावर वरच्या खंडपीठाकडे अपील केलं.

आपल्या बिलात ही ओळ दुहेरी भार टाकते. दहा टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या वाढलेल्या रकमेवर पाच टक्के जीएसटी. हजार रुपयांच्या जेवणाचे १,०५० व्हायला हवेत, तिथे १,१५५ होतात.

काढायला सांगायचं कसं? वेटरवर आवाज चढवू नका. बिल संगणकातून निघतं, वेटरच्या हातात काही नसतं, आणि उलट त्यालाच मालकाची बोलणी बसण्याची शक्यता असते. गल्ल्यावर किंवा मॅनेजरकडे जाऊन "सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या" एवढंच शांतपणे म्हणा. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर काम होतं. नव्या बिलात जीएसटीही कमी झालेला आहे ना, ते मात्र बघा.

आणि टीप? ती जरूर द्या. चार्ज काढून घेतलात तर त्यातली निदान थोडी रक्कम, ज्याने गरम रोटी वेळेवर आणून दिली, सांडलेलं पुसलं, त्याच्या हातात ठेवा. टीप बिलात येत नाही, तिच्यावर कर लागत नाही आणि ती योग्य माणसाकडेच जाते. सर्व्हिस चार्जही वाचवायचा आणि टीपही द्यायची नाही, हे मला काटकसरीत बसत नाही. गावाकडून आलेली, हॉटेलच्याच माळ्यावर झोपणारी मुलं या धंद्याचा गाडा ओढतात.

जीएसटी: पाच, अठरा आणि शून्य

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा साध्या हॉटेलात १२ टक्के आणि एसी हॉटेलात १८ टक्के कर होता. एसी सुरू आहे की बंद, यावरून तेव्हा गल्ल्यावर वाद व्हायचे. नोव्हेंबरमध्ये गुवाहाटीला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि १५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी असो वा नसो, सरसकट पाच टक्के दर आला. तो आजही आहे. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दोन ओळींत दिसतो.

पाच टक्के ऐकायला कमी वाटतात, पण त्याला एक बाजू आहे. एरवी जीएसटीत व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला कर त्याच्या देण्यातून वजा होतो. पाच टक्केवाल्या रेस्टॉरंटला ही वजावट नाही. जागेचं भाडं, व्यावसायिक गॅस सिलिंडर, भांडीकुंडी, फर्निचर या सगळ्यांवर भरलेला कर त्याच्या खर्चातच राहतो आणि मालक तो पदार्थाच्या किमतीत धरतो. कर तुम्ही देताच. थोडा उघड ओळीत, थोडा पनीरच्या भाजीत.

अठरा टक्के कुठे? ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांवर जातं, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटात. तिथे अठरा टक्के आणि वजावटीची सोय, असा मामला असतो. एप्रिल २०२५ पासून हे आदल्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावरून ठरतं. लोणावळा-महाबळेश्वरला किंवा गोव्यात मोठ्या रिसॉर्टवर उतरलात तर रोज रात्री तिथेच जेवण्यापूर्वी हा तेरा टक्क्यांचा फरक ध्यानात घ्या. फाटकाबाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटात पाचच टक्के लागतात, आणि मूळ भावही बहुधा कमी असतात.

आता शून्य, म्हणजे सर्वात कमी लोकांना ठाऊक असलेला भाग. वार्षिक उलाढाल दीड कोटींपर्यंत असलेल्या हॉटेलमालकाला कॉम्पोझिशन योजना घेता येते. त्यात कागदपत्रांची कटकट कमी होते आणि तो आपल्या उलाढालीवर पाच टक्के कर भरतो, पण स्वतःच्या खिशातून. ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घ्यायला त्याला मनाई आहे. त्याने कर-बीजक द्यायचं नसतं, 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं असतं, आणि त्यावर 'कॉम्पोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टु कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज' असं छापायचं असतं. पाटीवरही तशी नोंद हवी. ज्याची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि नोंदणीच नाही, त्याला तर जीएसटी घेण्याचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा बिलावर जीएसटी लावलेला दिसला की नंबर बघा. तो १५ अक्षरी असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने आणि गोव्यातल्याचा ३० ने सुरू होतो. नंबरच नसेल तर कर घेता येत नाही. नंबर असेल आणि शंका वाटत असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये तो टाका. मालकाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि तो 'रेग्युलर' आहे की 'कॉम्पोझिशन', हे मिनिटभरात दिसतं. लॉगिन लागत नाही. 'कॉम्पोझिशन' दिसलं आणि तरी बिलात अडीच-अडीच टक्के लावलेले असतील, तर ते पैसे तुमच्याकडून चुकीचे घेतलेले आहेत.

परमिट रूममध्ये बसणाऱ्यांसाठी आणखी एक ओळ: दारूवर जीएसटी लागत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. त्यामुळे जेवण आणि दारू यांची बेरीज वेगवेगळी हवी. बिअरसकट सगळ्या रकमेवर पाच टक्के जीएसटी लावलेला असेल तर बिल दुरुस्त करून घ्या.

किंमत कशाची असते

कच्च्या मालाचा खर्च पदार्थाच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवायचा, हा या धंद्यातला जुना आडाखा आहे. उरलेल्यात भाडं, पगार, गॅस, वीज, नासाडी आणि नफा. पण हा हिस्सा प्रत्येक पदार्थाला सारखा नसतो. मटण, मासे, पनीर यांत माल महाग, त्यामुळे तिथे मालकाला फार सुटत नाही. लिंबू सोडा, मसाला पापड, सूप, जिरा राईस, आइस्क्रीमचा स्कूप यांत माल स्वस्त आणि किंमत चढी. बसल्याबसल्या "पापड, सूप, कोल्ड्रिंक काय आणू?" असं विचारतात त्याचं कारण हेच. यात फसवणूक काही नाही. जागेचं भाडं कुठून तरी निघायला हवं. पण ग्राहक म्हणून माझा नियम सरळ आहे: जे घरी पाच मिनिटांत होतं त्यावर कमी खर्च करायचा, आणि जे घरी जमत नाही, तंदूरवरचं, भट्टीतलं, तासन्‌तास शिजवलेलं, त्यावर मोकळ्या हाताने. साधा भात मागवून त्यावर दाल घेतली की जिरा राईसवाचून काहीच अडत नाही.

रोट्यांची ऑर्डर टप्प्याटप्प्याने द्या. भुकेल्या पोटी दिलेली दहाची ऑर्डर आठव्या रोटीला जड होते, आणि त्या दोन रोट्या कागदात गुंडाळून घरी नेल्या तरी दुसऱ्या दिवशी चिवट. सूप वन बाय टू मागायला संकोच करू नका. वाट्या वेगळ्या करून देण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. भाजीचं हाफ मिळतं का, हेही विचारावं, कारण कार्डावर नसलं तरी पुष्कळ ठिकाणी देतात. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांत तळमजला साधा आणि माळा एसी असेल तर दोन्हीकडची कार्डं अनेकदा वेगळी असतात. डोसा तोच, स्वयंपाकघर तेच, फक्त गारव्याचे पैसे जादा. मे महिन्यात ते द्यावेसे वाटतील, डिसेंबरात कशाला?

थाळी का परवडते

पंचवीस पानी मेनू कार्ड असलेल्या हॉटेलाला दोनशे पदार्थांचा माल रोज तयार ठेवावा लागतो आणि त्यातला बराच फेकला जातो. खानावळीत आज दोन भाज्या, एक आमटी, भात, पोळी. सगळं एका दमात शिजतं, माणूस बसल्याबरोबर पान वाढलं जातं, वीस मिनिटांत खुर्ची रिकामी होते. वाया जाणारं अन्न आणि वाट बघण्यात जाणारा वेळ, हे दोन मोठे खर्च वाचतात आणि त्याचा काही भाग तुमच्यापर्यंत येतो. माटुंग्याला ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढतं आहे, ते याच पद्धतीवर.

थाळीचा निव्वळ खर्च किती असू शकतो, याचा एक सरकारी हिशेब आपल्याकडे आहे. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन योजना सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. जेवणाऱ्याने द्यायचे १० रुपये. पण केंद्रचालकाला शहरात थाळीमागे एकूण ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये मिळतील असं ठरलं, वरची रक्कम अनुदान. त्यानंतर महागाई वाढली हे खरं. तरी साध्या सकस ताटाचा पाया किती खाली आहे, हे त्या आकड्यांवरून कळतं.

अनलिमिटेड आणि लिमिटेड यांत निवड करताना टेबलावर कोण बसलंय ते बघा. गुजराती-राजस्थानी अनलिमिटेड थाळीची किंमत सरासरी खाणाऱ्याचा अंदाज घेऊन ठरवलेली असते. चार भरपूर खाणारी तरुण मुलं असतील तर ती स्वस्त पडते. आजी दीड फुलका खाणार आणि नातू फक्त श्रीखंड चाटणार असेल, तर चार पूर्ण थाळ्यांचे पैसे देणं महाग. तिथे एका ताटात दोघांना जेवू देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. अशा घरच्यांनी लिमिटेड थाळ्या घ्याव्यात आणि वर एखादी जादा भाजी. लहान मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर, हेही बसण्यापूर्वीच विचारा. कोल्हापुरात मटण थाळीसोबत तांबडा-पांढरा रस्सा अनेक ठिकाणी पुन्हापुन्हा वाढतात; मटणाचे तुकडे मोजके असतात, म्हणून जादा मटण प्लेट घेण्याआधी दोन वाट्या रस्सा आणि भात होऊ द्या. बहुतेकांचं पोट तिथेच भरतं.

बुफेला हाच हिशेब लावा, पण वार आणि वेळ बघून. भाडं आणि पगार हॉटेलला मंगळवारी दुपारीही तेवढेच द्यावे लागतात आणि खुर्च्या तेव्हा रिकाम्या असतात. म्हणून आठवड्यातल्या दुपारचा दर शनिवार-रविवारच्या रात्रीपेक्षा बराच कमी असतो. वाढदिवस एक दिवस पुढे-मागे साजरा करता येत असेल तर एवढी मोठी बचत दुसऱ्या कशात नाही. फलकावरच्या आकड्याखाली बारीक अक्षरात 'प्लस टॅक्सेस' आहे का, तेवढं पाहून घ्या.

माशांच्या गावी

मालवण, तारकर्ली, अलिबाग, पणजी. सुट्टीतल्या जेवणाचं गणित सर्वात जास्त इथेच कोलमडतं, कारण मोठ्या माशांपुढे कार्डावर किंमत नसते, 'ॲज पर साइज' लिहिलेलं असतं. मासा निवडायचा, तळून येतो, खाऊन होतो आणि मग आकडा कळतो. तो कळेपर्यंत वाद घालण्यात अर्थ उरलेला नसतो. मासा बघताना, मसाला लागण्याआधी, "हा पूर्ण तळून कितीला पडेल?" असं विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. यात कोणी वाईट वाटून घेत नाही. बाजारातही आपण भाव विचारल्याशिवाय पापलेटाला हात लावत नाहीच.

थाळीतही उतरंड असते. पापलेट आणि सुरमई वर, बांगडा, बोंबील, मांदेली खाली. दोन थाळ्यांतला फरक एका तुकडीचा असतो. कालवण, सोलकढी, भात बहुधा तेच. ताजा बांगडा शिळ्या सुरमईपेक्षा शतपटीने चांगला लागतो, म्हणून "आज ताजं काय आलंय?" हाच पहिला प्रश्न असावा. जूनपासून पावसाळ्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात मोठे समुद्री मासे बर्फातले असण्याची शक्यता जास्त आणि भावही चढलेले. तेव्हा खाडीतले मासे किंवा सुकट, सुका बांगडा, गोव्यात किसमूर (सुकटीची खोबरं घातलेली कोशिंबीर), असं त्या ऋतूचं जेवण घ्यावं. तिथली घरंही पावसाळ्यात तेच जेवतात, आणि ते स्वस्त पडतं.

सवलतींची अक्षरं

'५० टक्के सूट, १०० रुपयांपर्यंत' याचा अर्थ दोनशे रुपयांच्या ऑर्डरवर निम्मी सूट. आठशेच्या ऑर्डरवर तीच सूट साडेबारा टक्के होते. मोठा आकडा टक्क्यांत आणि खरा आकडा 'पर्यंत'च्या पुढे, एवढं ध्यानात ठेवा. टेबल आधी राखून ठेवलं तर सूट जास्त आणि नुसतं जाऊन बिल भरलं तर कमी, असा भेद काही ॲपवर असतो. बुफे, थाळी, दारू यांना सूट लागू आहे का ते खालच्या अटींत असतं. हॉटेलने बिलातच दाखवलेली सूट करपात्र रक्कम कमी करते, म्हणून जीएसटीही घटतो. बँकेचा कॅशबॅक नंतर येतो, त्याने करात फरक पडत नाही.

घरी मागवण्याबद्दल एकच महत्त्वाची गोष्ट सांगतो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून मागवलेल्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी भरण्याची जबाबदारी ॲप कंपनीची आहे, आणि ती हॉटेल नोंदणीकृत नसलं तरी लागू होते. म्हणजे कोपऱ्यावरच्या ज्या पोळीभाजी केंद्रात गल्ल्यावर कर लागत नाही, तीच पोळीभाजी ॲपवरून आली की तिच्यावर पाच टक्के चढतात. शिवाय प्लॅटफॉर्म फी, पोचवण्याचा आकार, पॅकिंग, आणि बऱ्याच हॉटेलांनी कमिशन भरून काढण्यासाठी ॲपवर वाढवलेले भाव. चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर फोन करून पार्सल तयार ठेवायला सांगा आणि घरचा डबा घेऊन जा. रस्सा डब्यात नीट राहतो आणि पॅकिंगचे पैसेही अनेक जण लावत नाहीत.

काही चुकलं तर

बिलात न मागवलेला पदार्थ, एकाच्या जागी दोन पापड, काढायला सांगूनही न काढलेला सर्व्हिस चार्ज, कॉम्पोझिशन असून लावलेला जीएसटी. आधी गल्ल्यावर सांगा. बहुतेक चुका गर्दीतल्या असतात आणि लगेच दुरुस्त होतात. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, ती मराठीतही घेतात. प्रकरण वाढलंच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारातल्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तक्रारीला लागतं ते बिल. त्यावर हॉटेलचं नाव-पत्ता, तारीख, जीएसटी क्रमांक आणि अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे ना ते बघा. १ जानेवारी २०२२ पासून हा परवाना क्रमांक बिलावर छापणं सक्तीचं आहे. हिशेब कोऱ्या चिठ्ठीवर पेनाने लिहून दिला असेल तर छापील बिल मागा. पैसे यूपीआयने दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंदही ठेवा. आणि बिलाचा फोटो त्याच रात्री काढा, कारण त्या गुळगुळीत थर्मल कागदावरची अक्षरं काही आठवड्यांतच पुसट व्हायला लागतात.